पत्रकांच्या गठ्ठ्यातला आलेलुया

माझे वडील पत्रकं छापायचे. मी ती वाचतच अक्षरं शिकले. देवापुढे हात जोडायची सवय मला कधी लागलीच नाही. तरीही सोनपेठच्या सिस्टरांच्या दवाखान्यात माझी ये-जा होती. आठवडी बाजारात वाटायची हुंड्याविरोधातली पत्रकं मी तिथंच ठेवायचे. दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर ती आधी वाचायच्या आणि म्हणायच्या, एवढ्याशा कागदावर चार वेळा धिक्कार कशाला, एकदाच कर, पण जोरात कर.

यंदा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होणार, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा गठ्ठा ठेवून घेतला. "ईस्टरला ये आणि ने. त्याच्या आधी न्हाई." कारण सांगेनात. ऐन लग्नसराईच्या तोंडावर! मला वाटलं, कुणीतरी दमदाटी केली आणि सिस्टर घाबरल्या. मी भांडले, गठ्ठ्यावर जाड अक्षरांत 'कोणीही हात लावू नये' असं लिहिलं आणि निघून आले. तीन आठवड्यांनी त्या झोपेतच गेल्या. भांडण तसंच राहिलं.

ईस्टरच्या सकाळी मी गठ्ठा आणायला गेले. मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, सुरू व्हायची होती. परातीत रंगवलेली अंडी होती, शेजारच्या काकू कलिंगड कापत होत्या आणि तरुण सिस्टर घरभर काहीतरी शोधत होत्या. त्यांच्याकडून कळलं ते असं. उपवासकाळात 'आलेलुया' हा आनंदाचा शब्द गात नाहीत. म्हणून तो शब्द दोऱ्यानं भरलेलं एक पांढरं फडकं कुणीतरी एक सिस्टर लपवते आणि ईस्टरला तीच काढून आणते. यंदाची पाळी गेलेल्या सिस्टरांची होती.

ते फडकं त्यांनी आणि स्वयंपाकघर बघणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरांनी तरुणपणी मिळून भरलं होतं. या म्हाताऱ्या सिस्टर केरळच्या, पण आयुष्य इथंच गेलेलं. पेटी त्या वाजवायच्या, गाणंही त्याच उचलायच्या. आज बंद पेटीपुढे बसल्या होत्या. फडकं न्हाई तर मी न्हाई गात, एवढंच म्हणाल्या होत्या. तांदळाचा डबा, औषधांचं कपाट, सगळं पाहून झालं होतं.

"सण तुमचा हाय, अन् तोंड कारल्यावानी कशाला करायलात?" काकूंनी म्हाताऱ्या सिस्टरांना छेडलं. त्या हसल्या नाहीत.

मी गठ्ठा मागितला. तरुण सिस्टरांनी तो आणून दिला. आम्ही शिवलोसुद्धा नाही, म्हणाल्या, तूच तसं लिहिलं होतंस. सुतळीवर आणखी एक गाठ होती, बँडेजच्या पट्टीची. ती माझी नव्हती. सोडली, तर धिक्काराच्या बरोबर मधोमध घडी घातलेलं पांढरं कापड.

मी ते म्हाताऱ्या सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. लाल टाक्यांवरून त्यांचं बोट फिरलं आणि शेवटच्या वाकड्या अक्षरावर थांबलं.

"हे तिचं. उसव म्हणलं होतं मी. ऐकली न्हाई." त्या हसल्या, आणि डोळे पुसायला तेच फडकं उचललं. मग भानावर येऊन पदर घेतला.

"तू गाणार का?"

"नाही, सिस्टर."

"मग हे धर. वर धर, सगळ्यांना दिसू दे."

पेटीचा भाता हलला. त्यांचा आवाज फाटका, पण दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाणारा. काकूंनी टाळ्यांचा ठेका धरला. गाणं लांबत गेलं, माझे हात भरून आले, पण फडकं मी खाली येऊ दिलं नाही.