सहा आठवड्यांचा नाल

आपण ठोकलेला नाल सहा आठवड्यांच्या आत काढायचा नाही, हा त्या नालबंदाचा बाणा होता. कुणी "जरा काढून बघता का?" म्हटलं, की हा असा बघायचा, जणू समोरच्याने त्याच्या वाडवडिलांचा उद्धार केलाय. तबेल्यात सगळे त्याला हेडमास्तर म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला ते आवडायचंसुद्धा.

काम मात्र चोख. खूर मांडीत धरून अंगठ्याने तळवा दाबला, की कुठे दुखतंय ते त्याला नेमकं कळायचं.

त्याच्या लेकीची एक घोडी होती. हौशी स्वारांना दगडगोट्यांच्या चढावर फिरवून आणायचं, हे लेकीचं काम, आणि सगळ्यांच्या पुढे ही घोडी. गुणाची, पण तळवे पातळ. एका हंगामात ती खडीवर पाय आखडते घ्यायला लागली, तेव्हा नालाखाली धक्का सोसणारे पॅड घालायचं ठरलं.

बापाने दोन प्रकार आणले. एक नुसता कडेने बसणारा, मधे उघडा. दुसरा जाड, मऊ, अख्खा तळवा झाकणारा.

"बाबा, उघडे घालू या," लेक म्हणाली. "तळवा दिसत राहील, तुम्हाला दाबून बघता येईल."

"माझ्या लेकीच्या घोडीला अर्धवट काम? जाड घालतो. गादीवर चालल्यासारखी चालेल बघ."

दुसऱ्या कुणाची घोडी असती, तर त्याने मुकाट्याने उघडे पॅड घातले असते. माया आडवी आली, दुसरं काय! दोन आठवडे घोडी खरंच झोकात चालली आणि हेडमास्तर तबेलाभर मिरवून आले.

तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "पुढचा उजवा पाय राखून टाकतेय. एकदा काढून बघा ना."

"नवीन आहे. होईल सवय."

चौथ्या आठवड्यात तिने पुन्हा म्हटलं. त्याने खुरावर हात ठेवला. खूर गरम होता. "उन्हात उभी होती ना," तो म्हणाला. घोडी सकाळपासून सावलीत होती, आणि हे त्याला माहीत होतं. ती एक गोष्ट तो आजही स्वतःला माफ करू शकत नाही.

सहा आठवडे भरले त्या दिवशी नाल निघाला आणि आधी वासच आला. पॅडखाली खडा शिरला होता. पू आत वरपर्यंत चढला होता. डॉक्टरांनी घोडी वाचवली, पण खडीवर ती पुन्हा कधीच गेली नाही. लेकीने चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. 

वर्षभराने तिने नवा घोडा घेतला. नाल पलीकडच्या तरुण नालबंदाकडून मारून आणले. बापाने न राहवून एक पाय उचलून पाहिला. उघडे पॅड, खिळे एका रेषेत. खोट काढायला जागाच नव्हती.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला.

"हो," लेक लगाम सोडवत म्हणाली. "मागच्या आठवड्यात मला उगाच शंका आली होती. त्याने लगेच काढून दाखवलं."

बापाने घोड्याचा पाय हळूच खाली ठेवला.