ऑर्डर आली की

आमच्या नोकरीत वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी आपण कुणीच नसतो. मी आटपाडीच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स आहे. मार्च संपला की करार संपतो, मग एक दिवसाचा ब्रेक आणि त्यानंतर नव्या कराराची ऑर्डर. ब्रेक कशासाठी, तर सलग नोकरी केली असं उद्या आम्ही कुठं म्हणू नये म्हणून. त्या दिवशी हजेरीपटावर सही करायची नाही. यंदाही आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे कायम नोकरीतल्या, आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या घरी बसा. उद्या तुमी आमच्यात न्हाई." आणि सकाळी त्यांचाच फोन, "जरा येऊन जाता का? इंजेक्शनला ही लाइन लागलीया, मी एकटीच हाय."

गेले, घरातल्याच साडीवर. एका आजोबांनी विचारलं, "आज सुट्टी का सिस्टर?" म्हटलं, "न्हाई आबा, आज मी न्हाईच." त्यांनी मान डोलावून दंड पुढे केला. त्यांना काय, सुई टोचल्याशी मतलब.

एरवी थोड्याच दिवसांत ऑर्डर यायची. यंदा एप्रिल गेला, मे गेला. काम चालूच होतं, तोंडी सांगण्यावर. आम्हा कंत्राटी लोकांच्या ग्रुपवर रोज नवी पुडी सुटायची. निम्म्यांना काढणार. छे, सगळ्यांना घेणार. कुणाच्या तरी मेव्हण्यानं जिल्ह्याच्या ऑफिसात ऐकलंय. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी त्या ग्रुपला शिव्या घालायची आणि पुन्हा तोच उघडून बघायची. भाजी फोडणीला टाकून दारात जायची, दारातून खिडकीशी, कारण खोलीत रेंज तेवढी खिडकीतच यायची. दोनदा मोहरी करपली. बसले तरी पाय हलत राहायचा.

नोकरीचीच काळजी असती तर एक वेळ सोसलं असतं. पण माझी मुलगी सहा वर्षांची, आणि जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. ती रहिमतपूरला सासूबाईंकडे असते. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तिथंच. मी शनिवारी दुपारी एसटी धरायची आणि रविवारी परतीची. मला ती आता माझ्याजवळ हवी होती. आठवड्यातून एका दिवसाची आई होऊन मी वैतागले होते. दवाखान्यामागची शाळा बघून ठेवली होती. फक्त ऑर्डर यायचा अवकाश.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "तुजी नोकरी म्हंजी अळवावरचं पाणी. पोरीला आता न्हेशील आन् दिवाळीला परत आणशील. पोरगी हाय का पार्सल?"

"आवं आत्या, ऑर्डर आली की मगच न्हेणार हाय," मी म्हटलं. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मला काय म्हणायचंय हेच तर मला कळत नव्हतं. मुलगी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

'ऑर्डर आली की' हे आमच्या घरातलं बारा महिने तेरा काळ चालणारं वाक्य. तिची सायकल, ऑर्डर आली की. माझी दाढ, ऑर्डर आली की. आटपाडीच्या खोलीत घरमालकिणीचं एक रिकामं कपाट आहे, तरी माझे कपडे खाटेखालच्या बॅगेत. धुवायचे, वाळवायचे, घड्या घालून परत बॅगेत. हँडल बाहेरच्या बाजूला, म्हणजे उचललं की निघालं. ऑर्डर आल्यावरही वाटायचं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे, कशाला कपाट लावा? भिंतीला मी एक खिळासुद्धा मारलेला नाही.

घरमालकीण मेंढपाळांच्या घरातली. आता डाळिंबाची बाग आहे, पण तरुणपणी कळपामागं मुलुखभर हिंडलेली. जूनच्या सुरुवातीला मी मोहरी करपवली तेव्हा वासानं ती दारात आली.

"आवं सिस्टर, घर जाळताय का काय?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर टेकली. "आमी मेंढरं घिऊन जायचो, तवा मुक्काम कुठं पडंल कुणाला ठावं? पर पोरं संगं असायची. माजी थोरली तर मेंढरांच्या मागंच चालाया शिकली."

"तुमच्या मेंढरांना ऑर्डर लागत नव्हती, मावशी."

"पावसाची लागायची की. त्यो काय सही करून येतुया व्हय?" एवढं बोलून ती कढई घासायला घेऊन गेली. मला तिचा राग आला. पाऊस आणि सरकार एकच का? पाऊस निदान ब्रेक देऊन पुन्हा कामाला बोलवत नाही.

पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर माझे पाय शाळेकडे वळले. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "तुम्ही इथं कायम आहात ना?" मी म्हटलं, "आहे तोवर आहे." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मुलीचं नाव लिहून घेतलं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुलीला घेऊन आले. सासूबाईंनी डोळे पुसत लाडू दिले, आणि वर टोमणाही दिलाच. एसटीत मुलगी कडेगावपर्यंत ऊस बघत होती, पुढं माळ लागला तशी झोपली. मी फोन बघत होते. विट्याला बघितला, उतरताना बघितला. ग्रुपवर जोडलेले हात.

खोलीत आल्यावर तिनं दप्तर काढलं, पाण्याची बाटली खिडकीत ठेवली. कपड्यांची पिशवी मात्र चेनसुद्धा न उघडता खाटेखाली माझ्या बॅगेला चिकटून सरकवली. हँडल बाहेरच्या बाजूला.

"अगं, फ्रॉक काढून कपाटात ठेव की."

"ऑर्डर आली की," ती म्हणाली. रुसून नाही, हट्टानं नाही. हात धुऊन आले असं सांगावं, तसं.

सासूबाईंचं पार्सल आठवलं. फोन खाटेवर टाकला, खाली वाकले आणि आधी माझी बॅग बाहेर ओढली. ती बघत उभी राहिली. माझ्या साड्या संपत आल्या तेव्हा तिनं आपल्या पिशवीची चेन उघडली.

ऑर्डर अजून आलेली नाही. कपाटात वरच्या कप्प्यात माझ्या साड्या आहेत, खालच्यात तिचे फ्रॉक. फोन वाजला की मी अजूनही फोडणी सोडून खिडकीकडे पळते, आणि मोहरीकडे ती बघते.