निळ्याच्या आधी गुलाबी

तो काप मी नासवला. एवढं साधं वाक्य — पण इतकी वर्षं कुणापुढंही उच्चारलं नव्हतं. घरात नाही, देवापुढंही नाही.

उमरग्यात माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. वरच्या मजल्यावर शुभांगी मॅडमचा दवाखाना. त्या दुर्बिणीची नळी घालून पोट तपासतात. काही वर्षांपूर्वी सास्तूरच्या हलिमाबी, बाजारात बांगड्या भरणाऱ्या, पोटदुखीनं त्यांच्याकडं आल्या. मॅडमनी पोटाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून माझ्याकडं पाठवला. तपासता तपासता तो संपत आला. काचेवर ठेवून बघायचा शेवटचा एकच पातळ काप उरला. दुखणं ओळखायला रंग तर दोन द्यायचे होते. दोन्ही एकाच कापावर देता येतात — फक्त क्रम पाळावा लागतो. आधी निळा, मग गुलाबी. उलटं झालं की गुलाबीवरही निळा चढतो आणि काही ओळखू येत नाही.

मॅडम सहज म्हणाल्या, "सर, क्रम एकदा बघून घ्या."

मला ते लागलं. कालची पोर मला शिकवणार? पुस्तक उघडलंच नाही. गुलाबी आधी दिला.

आणि मग — मग मी रिपोर्टवर लिहिलं, 'तुकडा अपुरा'.

हलिमाबींना पुन्हा नळी गिळावी लागणार होती. मॅडम माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "मावशी, माझंच चुकलं. तुकडा लहान घेतला."

"लई हलका हात हाय बाई तुमचा," हलिमाबी हसल्या. "आता जरा मोठा घास घ्या!"

मी तिथंच उभा होतो. बोलायला कितीसा वेळ लागला असता?

दुसऱ्या तुकड्यावर रंग नीट उतरले. दुखणं कळलं, औषध लागू पडलं. पण मॅडम? तेव्हापासून तुकडा पाठवला की विचारायच्या — "सर, पुरेल ना?" इतका चांगला हात, आणि त्याच्यावरचा त्यांचाच भरवसा मी काढून घेतला होता. दरवेळी 'पुरेल' म्हणायचो. बाकीचं गिळायचो.

हल्ली रंग देण्याआधी क्रम मोठ्यानं वाचतो. पण तेवढ्यानं काय होतं?

गेल्या सोमवारी हलिमाबी तपासणीला आल्या. ठणठणीत. मॅडमच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होत्या, दोघी हसत होत्या. मी जिना चढून दारात उभा राहिलो.

"मावशी, तेव्हा तुकडा पुरेसा होता. मॅडम, तुमचा हात चुकला नव्हता. काप मी नासवला आणि रिपोर्टात खोटं लिहिलं. मी तुम्हा दोघींची माफी मागतो."