गोंदणारीचा पोरगा

वडवणीत माझं टॅटूचं दुकान आहे. पुढं काच, आत निळा दिवा, भिंतीवर वाघ, शंकर, त्रिशूळ. कुठं शिकलास म्हणून कुणी विचारलं की मी बेधडक 'पुण्यात' सांगतो. पुण्यात मी पंधरा दिवस होतो, तेही खुर्च्या पुसण्यात गेले. सुई धरायला शिकवलं ते आईनं. ती आठवडी बाजारात बायांना गोंदायची. कातडी दोन बोटांत ताणायची आणि बाई ओरडायच्या आत तिला माहेरचं काहीतरी विचारायची. बाई सांगत बसायची, तोवर काम उरकलेलं असायचं. ती हातोटी मी रोज वापरतो आणि नाव पुण्याचं घेतो. लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

त्या दिवशी एका बड्या बागायतदाराचा पोरगा आला होता, सोबत दोन दोस्त. दंडावर सिंह पाहिजे होता. तगडं गिऱ्हाईक, म्हणून मी लई ऐटीत. नेमकी आई डबा घेऊन आली. जरा वेळ बघत उभी राहिली आणि बोललीच, "सुई खोल चाललीय रं. शाई पसरंल."

दोस्त फिदीफिदी हसले. "कोण बे ही?"

माझं डोकंच सटकलं. वर न बघता म्हणालो, "मावशी, तुमी भाईर थांबा."

आईला मी जन्मात कधी 'तुमी' म्हणालो नव्हतो. ती डबा ठेवून बाहेर गेली. हात मात्र मी गुपचूप हलका केला, कारण तिचं खरं होतं.

मधे पाणी प्यायला थांबलो, तर एक दोस्त दारात उभा राहून तिला विचारत होता, "मावशी, हातावर हे काय वाकडंतिकडं?"

अरे देवा! ते माझं पहिलं काम. नवी मशीन आणली तेव्हा कुणी हात देईना, म्हणून तिनं स्वतःचा पुढं केला होता. गुलाब काढायला गेलो आणि झाली फ्लॉवरची गड्डी. आता ही सगळं सांगणार, असं वाटलं.

तिनं हातावर पदर ओढला. "जत्रंत केलतं एकानं. नवा व्हता बिचारा."

"आन इथं काय करता?"

"झाडायला येते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. 'आई हाय माझी' म्हणायला मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. तेवढ्यात खुर्चीतला पोरगा म्हणाला, "चला, करा सुरू." मी मशीन सुरू केली. काचेतून बघितलं, तर तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला होता आणि ती पायरी झाडायला लागली होती.