डगला पूर्वज किल्ल्यातलाच हवा होता

“सही कर ना यार, सुषमा! बावीस जणांच्या किल्टची मापं गेलीत,” नीलेश माझ्या डेस्कशी उभा राहून म्हणत होता.

नीलेश माझा बॉस, मूळचा कोथरूडचा. मिशिगनमध्ये ट्रॉयला आमचं छोटं ऑफिस आहे. अमेरिकन लोकांना त्यांचे स्कॉटिश पूर्वज शोधून द्यायचे आणि मग त्या गावी टूरवर न्यायचं, हा आमचा धंदा. हसू नका. मी आधी नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. लोकांना नको असलेलं शोधून काढायची सवय तिथलीच.

सही हवी होती डगच्या वंशावळीच्या सर्टिफिकेटवर. डग म्हणजे रिटायर्ड कार डीलर. आडनाव एका स्कॉटिश सरदाराचं, म्हणून आपण सरदाराचे वंशज, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या सरदाराच्या किल्ल्यावर, किल्ट म्हणजे चौकटीचे स्कॉटिश घागरे घातलेल्या सगळ्या खानदानासमोर तो ते सर्टिफिकेट वाचणार होता.

“अरे, सरदाराच्या जमिनीवर राबणारी कुळंसुद्धा त्याचंच आडनाव लावायची,” मी म्हटलं. “मी बोरगावकर. म्हणून काय बोरगावच्या पाटलाची नात झाले?”

“डगला कुठे बोरगाव माहितीये? मॅनेज कर. नाहीतर टूर कॅन्सल, आणि मग तुझ्या नोकरीचं मला काही सांगता येणार नाही.”

असा राग आला! तशीच पुन्हा रेकॉर्ड्स उघडून बसले.

तिकडे पूर्वी गावच्या चर्चची पंचायत असायची. कोण दारू प्यायलं, कोण रविवारी आलं नाही, कुणाला लग्नाआधी मूल झालं, सगळं वहीत. शेजाऱ्यांनीच लिहिलेलं असल्यामुळे काही सुटत नाही. आम्हा लोकांना या वह्या फार उपयोगी.

त्यात इसोबेल सापडली. डगच्या खापरपणज्याची आई, किल्ल्याच्या गोठ्यात दूध काढणारी. लग्न नाही आणि पोटात मूल. शिक्षा म्हणून तिला तीन रविवार भर चर्चमध्ये उंच स्टुलावर बसवलं होतं. बाप कोण विचारल्यावर तिने किल्ल्याच्या मालकाच्या धाकट्या मुलाचं नाव घेतलं. पंचांनी पुढे लिहिलं, ‘विश्वास बसत नाही.’ मुलाला तिचंच आडनाव लागलं.

मी सही न करता मीटिंग ठेवली. डगबरोबर त्याची सत्याऐंशी वर्षांची आत्या मार्गारेट आली होती. आपली माणसं खरोखर कुठे राबली ते एकदा डोळ्यांनी बघायचं, म्हणून तिने या वयात पासपोर्ट काढला होता.

इसोबेलची नोंद ऐकून डग ताडकन उठला. “म्हणजे रक्त किल्ल्याचंच! आय न्यू इट! लिहा तसं.”

कमाल आहे! मला वाटलं होतं हा लपवायला सांगेल. हा तर मिरवायला निघाला.

“पुरावा नाही,” मी म्हटलं. “पंचांनीसुद्धा मानलं नव्हतं.”

“पंच गाढव होते.”

नीलेश टेबलाखालून मला लाथा मारत होता.

“डग, खाली बस,” आत्याबाई म्हणाल्या. “ती तीन रविवार तिथे बसली, तेव्हा तुझा हा किल्लेवाला कुठे होता?”

डग खाली बसला. त्या माझ्याकडे वळल्या. “मला किल्ल्यावर चहा प्यायचा नाही. त्या चर्चला कसं जायचं, ते सांग.”

मी चर्चचा पत्ता लिहून दिला.

सर्टिफिकेट मी सही करून दिलं. सगळ्यात वर इसोबेल, गोठ्यातली कामगार. मुलाचा बाप, सिद्ध झालेला नाही. डगने ते किल्ल्यावर वाचलंच नाही म्हणे. आत्याबाई सोडून बाकी एकवीस जणांनी किल्ट घालून फोटो तेवढे काढले.

आत्याबाई गाइडला घेऊन चर्चमध्ये गेल्या. स्टूल अजून तिथे आहे, दोरी बांधून ठेवलेलं, बसू नये अशी पाटी लावलेलं. आत्याबाईंनी दोरी बाजूला केली आणि बसल्या. गाइड घाबरून उतरा म्हणाला, तर म्हणाल्या, “तिला तीन रविवार बसवलं. मला दहा मिनिटं बसू दे.”

माझी नोकरी शाबूत राहिली, कारण आत्याबाईंनी आपल्या तीन मैत्रिणी आमच्याकडे पाठवल्या. धडा एवढाच घेतला की क्लायंटची आत्या हजर असल्याशिवाय रिपोर्ट वाचायचा नाही.