ताडकळसपर्यंत पहिल्या गिअरात

मनमाडला गाडी बदलून सकाळी परभणीला उतरलो, तेव्हा दाजी (थोरल्या बहिणीचे यजमान) स्टेशनाबाहेर मोटार घेऊन हजर होते. दाजी वकील. मोटार जुनीच घेतलेली, पण त्यांचा धाकटा भाऊ विश्वनाथ याचं लग्न ताडकळसला ठरल्यामुळे तिला धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढे दाजी आणि मी, मागे मुंडावळ्या बांधलेला विश्वनाथ आणि दाजींच्या आत्याबाई. बाकी वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशीच गेलेलं. दोन्हीकडे काढणी झालेली काळी रानं. निम्म्या वाटेवर म्हैस आडवी आली. दाजींनी क्लच दाबला तर पेडल नुसतंच खाली लोळलं, आणि मोटार गचका देऊन बंद पडली.

"पाहुणे, तुमी पुण्याचे. बघा जरा," दाजी म्हणाले.

पुण्यात माझ्याकडे सायकल होती. तरी मोटारीखाली शिरलो. पेडलपासून क्लचकडे जाणारा दांडा लोंबत होता. तो जोडणारी खीळ कुठंतरी गळून पडली होती. मी माझ्या पायजम्याची नाडी काढून दांडा बांधला. दाजींनी पेडल दाबलं. नाडी तटकन तुटली.

मग एकच उपाय उरला. इंजिन चालू करायचं, मोटार ढकलायची आणि ती पळायला लागली की दाजींनी पहिला गिअर टाकायचा. एका हाताने पायजमा धरून मी, शेजारी नवरदेव, असे आम्ही ढकलत सुटलो. गिअर पडला.

"चढा लौकर! आता म्या थांबत न्हाई!"

विश्वनाथ उडी मारून चढला. मला आत्याबाईंनी सदऱ्याला धरून आत ओढलं.

वेशीवर वाजंत्री आणि आरतीचं ताट घेतलेल्या बायका उभ्या होत्या. इथं थांबलो तर सासरच्या माणसांसमोर नवरदेवच मोटार ढकलणार! दाजी ओरडले, "पळा! वाजवत पळा!" सनईवाला पळता पळता वाजवू लागला. ताटवाल्या बाईंनी बाजूने धावतच कुंकू लावलं. ते विश्वनाथच्या नाकावर उतरलं. मांडवापुढे दाजींनी इंजिन बंद केलं. मुहूर्त गाठला.

जेवणात येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी) लय झणझणीत होतं. हात धुऊन गावचे लोहार नव्या धोतरानिशी मोटारीखाली गेले. त्यांनी बैलगाडीचा खिळा बसवला आणि आतून विचारलं, "वकीलसाब, खिळा सटकू नये म्हून काही बारीक तार हाय का?" आत्याबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. परतीच्या वाटेवर मोकळे केस सावरत त्या दर वळणाला विचारत होत्या, "टिकलाय का रे माजा आकडा?" टिकला होता.

पुढे मी बरीच गावं आगगाडीतून पाहिली. त्यांतलं एकही नीट आठवत नाही. ताडकळसचं मात्र दारन् दार आठवतं. आम्हाला थांबता येत नव्हतं आणि वेगही वाढवता येत नव्हता, त्यामुळे प्रत्येक उंबऱ्यावरच्या माणसाला नमस्कार करायला पुरेसा वेळ मिळाला. एका हाताने का होईना, मी तो सगळ्यांना केला.