भंडारा, ड्रॅग रेस आन आमची येलदरीची सफर

मालक म्हणले, "जिंतूरकडं ड्रॅग रेस हाय. मी गाडी घालणार हाय."

मी म्हणलं, "मी जाऊ देणार न्हाई."

आमच्या ह्या सफरीची सुरुवात अशी भांडणानं झाली. सोनपेठला आमचं गॅरेज हाय, मालक, म्हंजे माझा नवरा, आन सलीमभाई दोघं मिळून चालवतेत. जुन्या मोटारसायकलचं इंजिन खोलून, घासून, त्यायनी एक गाडी अशी बनवली की चालू केली की शेजारची कोंबडी खुराड्यात जायची. ती गाडी बघितली की मला माझा भाऊ आठवायचा. माझा लहाना भाऊ दोस्तासंग पैज लावून गंगाखेडच्या रस्त्यावर गाडी पळवायला गेला होता. डोक्याला हेल्मेट न्हाई, आन समोरून उसाची ट्रॉली. वाचला, पण पायात सळई हाय, अजून लंगडतो.

सलीमभाई म्हणले, "भाभी, रोडवरची रेस अन ही रेस येक न्हाई. इथं समोरून कुनीच येत नै. सरळ सडक, दोन गाड्या बाजूबाजूला उभ्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. पाव मैलाचा खेळ."

"मग डॉक्टर कामून उभा करतेत तिथं?"

मालक हसले. मग म्हणले, "तू चल संग. समदं तुझ्या डोळ्यानं बघ. तू न्हाई म्हणलीस तर गाडी तशीच टेम्पोत घालून माघारी आणीन. पोरीची शपथ."

पोरीची शपथ घेतली म्हणून मी तयार झाले. न्हाई म्हणायचं, असं ठरवूनच निघाले, खरं सांगते.

मालक आन सलीमभाई गाडी टेम्पोत बांधून पुढं गेले. मी, माझी अडीच वर्साची आरू आन आत्याबाई, म्हंजे माझी सासू, आमी तिघी एसटीनं. सोनपेठहून गंगाखेड, तिथून परभणी, परभणीहून जिंतूर. बायांला अर्धं तिकीट हाय, त्यामुळं खिशाला जड जात न्हाई. पण थंडीच्या दिसात जाणार असताल तर येळ धरून चला. उसाची तोड चालू असती, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढं डुलत जातेत आन एसटी त्यांच्या मागं बैलावाणी. गंगाखेडच्या अलीकडं अशा एका ट्रॉलीमागं आमी लय येळ अडकलो. डायव्हर एकसारखा हॉरन वाजवायला.

एक म्हातारा म्हणला, "मास्तर, काडा की साईडनं."

कंडक्टर म्हणला, "बाबा, तुमाला घरी जायचंय का वर?"

समदी एसटी हसली. मी हसले न्हाई. मी ट्रॉलीतून लोंबणारा ऊस बघायले होते.

परभणीच्या स्टँडवर गरम भजे खाल्ले. आरूनं मिरचीचं भजं तोंडात घातलं आन पूर्ण स्टँडला कळलं. लेकरू संग असल तर घरून दूध-भाकर बांधून आणा, हे माझ्याकडून ऐका. आत्याबाईच्या मांडीवर एक पिशवी होती, ती काई खाली ठिवंनात. मी इचारलं, काय हाय त्यात? म्हणल्या, "भंडारा. खंडोबाचा. माझ्या लेकाच्या गाडीवर उधळायचाय. दोन किलो आणलाय."

"दोन किलो?"

"मंग? देवाला काय चिमूटभर दाखवती व्हय सुमे?"

आमी धनगर माणसं. आमच्यात नवा ट्रॅक्टर आला तरी भंडारा, मेंढरं माळावर निघाली तरी भंडारा, नवरदेव निघाला तरी भंडारा. मला बी बरं वाटलं. म्हणलं, चला, एक तरी वळखीचा देव संग हाय.

माझी नणंद जिंतूर-येलदरी रस्त्यावर एका गावात दिलीय. दुपारी तिच्या घरी टेकलो आन संध्याकाळी तिनं आमाला ऑटोनं येलदरीला नेलं. बायांनो, एकदा जाऊन या. पूर्णा नदीला बांध घातलाय आन मागं पाणीच पाणी. मी एवढं पाणी पयल्यांदा बघितलं. होडीतून मासे काढून आणतेत आन तिथंच कडंला तळून देतेत, वर लिंबू, संग ज्वारीची भाकर. आत्याबाई माळकरणीवाणी तोंड फिरवून बसल्या आन मग म्हणल्या, "शेपटाकडचा द्या जरा." आरू पाण्याकडं बघून "मोठी बादली, मोठी बादली" करायली. तिथं बसल्यावर घटकाभर मला उद्याची याद आली न्हाई. संध्याकाळी वारं लय गार असतं, शाल घेऊनच जा.

दुसऱ्या दिशी सकाळी नणंदंला बी संग घेऊन रेसच्या जाग्यावर गेलो. जिंतूरच्या बाजूला नव्या रस्त्याचा एक तुकडा हाय, अजून गाड्यांला खुला केला न्हाई. परवानगी काढून तिथं खेळ ठिवला होता. चहाच्या गाड्या, पोह्याच्या गाड्या, पाळणा, जत्राच. लेकरं नेणार असताल तर कानात कापूस घाला. आमच्या आरूच्या कानात कापूस आन वर टोपी, तरी पयली गाडी चालू झाल्यावर ती माझ्या मानंला मिठी मारून बसली.

मी मालकाला म्हणलं, "चला, दावा."

मालकानं मला सगळं फिरून दावलं. दोन्ही कडंनी लोखंडी कठडे, त्याच्या मागंच लोकांनी उभं ऱ्हायचं. जिथं रेस संपती तिथून पुढं दुप्पट सडक मोकळी सोडलेली, थांबायला. तिच्या शेवटी भुश्याची पोती थरावर थर रचलेली. दवाखान्याची गाडी दार उघडून उभी. एक शिट्टीवाले काका होते, गळ्यात शिट्टी, डोक्याला गमजा. समदी जिम्मेदारी त्यांच्यावर. ते एकेक गाडी तपासायले. हेल्मेटचा पट्टा वढून बघायचे, जाकीट चामड्याचं हाय का, बोटात अंगठी हाय का. अंगठी, चैन, समदं काढून ठिवायला लावायचे.

मला एक गोष्ट लय आवडली. गाडीला एक दोरी असती, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निघती आन इंजिन बंद पडतं. मी काकाला म्हणलं, "ही पक्की हाय का?"

काका म्हणले, "वढून बघा बाई."

मी जोर लावून वढली. इंजिन फट करून बंद. मालक म्हणले, "झालं? जीव निवला?"

"अजून न्हाई," मी म्हणलं. पण न्हाईचं वझं थोडं हलकं झालं होतं.

मग रेस सुरू व्हायची येळ झाली आन ज्याच्या त्याच्या घरची माणसं गाडीपाशी आली. जिथून गाड्या सुटतेत, त्या पांढऱ्या रेघंवर. कुणी नारळ फोडला, कुणी लिंबं ठिवली, कुणी उदबत्ती ओवाळली. मानवतचा एक गडी होता, त्याच्या घरची दहा-बारा माणसं आलती. त्यायनी ताटभर भंडारा गाडीवर उधळला. "येळकोट येळकोट!" गाडी पिवळी, गडी पिवळा, सडक बी पिवळी. आत्याबाईनं तिथूनच हात जोडले.

गाडी सोडायच्या आदी मागचं चाक जाग्यावरच गरगर फिरवतेत. धूर निघतो, रबर गरम व्हतं आन चिकट व्हतं, म्हंजे सडकंला धरून ऱ्हातं. सलीमभाईनं मला हे समजावून सांगितलं होतं. त्या गड्यानं चाक फिरवलं, रेघंवर आला, हिरवा दिवा लागला.

आन गाडीची मागची बाजू घसरून आडवी झाली. जशी शेणानं सारवलेल्या वल्या अंगणात म्हस घसरती तशी. गडी खाली, गाडी घासत पुढं. मी डोळे मिटले. परत उघडले तवा इंजिन बंद होतं आन तो गडी बसून स्वतःचे हात बघायला. चामड्याचं जाकीट खरवडलेलं, हेल्मेटला चर पडलेला. त्याची बायको कठड्याला धरून वरडायली. डॉक्टरनं बघितलं. मुका मार, बाकी काई न्हाई. तो उठून उभा ऱ्हायला तवा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा नंबर तिसरा होता. मालकानं माझ्याकडं बघितलं. हेल्मेट हातात होतं. माझ्या तोंडात न्हाई आलंच होतं.

पण मी रेघंकडं बघितलं. नारळाचं पाणी आन भंडारा मिळून पिवळा लगदा झालता. लग्नात हळदीच्या दिशी आमच्या अंगणात असाच लगदा व्हतो आन दर लग्नात एकतरी करवली त्यात आपटती. मी स्वतः आपटलेय.

मी काकाला म्हणलं, "काका, हे धुऊन काडा की."

काका हळूच म्हणले, "मला दिसत न्हाई व्हय बाई? पण देवाचं हाय. झाडू लावला तर लोक मारतील मला. मागच्या येळी नुसतं नारळ नका फोडू म्हणलं तर दोन गावं उठून गेली."

तवर आत्याबाई पिशवीची गाठ सोडत रेघंकडं निघाल्या होत्या. मी आडवी झाले. आयुष्यात पयल्यांदा सासूला आडवी झाले.

"आत्याबाई, रस्त्यावर नका टाकू."

"सर बाजूला. देवाच्या भंडाऱ्यानं कुणी पडत असतं व्हय?"

"आता पडला की तुमच्या डोळ्यादेखत."

"त्याचं नशीब ते."

"आन माझं? तुमचा लेक पडला तर माझं काय?" माझा आवाज फाटला. आरू रडायला लागली. "मी आता न्हाई म्हणले तर ते गाडी घेऊन माघारी येतेत. पण त्यायनी दोन वर्सं ती गाडी बनवलीय. मला न्हाई म्हणायचं न्हाई आत्याबाई. मला हो म्हणायचंय. तेवढा रस्ता साफ होऊ द्या."

आत्याबाई माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. मग मानवतच्या त्या गड्याच्या बायकोकडं बघितलं, ती अजून हुंदके द्यायली. मग म्हातारीनं पिशवीत हात घातला, चिमूट काढली, मालकाला जवळ बलावलं आन त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. एक बोट. बस.

आन मग जी वळली! "ए बायांनो! इकडं बघा समद्या! भंडारा कपाळाला लावा. सडकंला कशाला? सडकंला काय लगीन करायचंय?"

एकजण म्हणली, "आजी, आमच्यात गाडीवरच टाकतेत."

"आमच्यात बी टाकतेत. माझ्याकडं दोन किलो हाय, तुझ्याकडं किती हाय? मी टाकलाय का?"

सलीमभाई मागून म्हणले, "आजी, अगली बार इलेक्शन लडो." माणसं हसायला लागली आन हसण्यात राग गेला. काकांनी लगेच पाण्याचा टँकर मागवला. भंडारा देवाचा म्हणून आत्याबाईनं आदी फडक्यानं वरचा वर गोळा करून झाडाच्या बुडाशी टाकला, मग खराटे चालले. मी बी खराटा घेतला. आरूला नणंदंकडं दिलं आन पदर खवला. इतर गावच्या बाया बी आल्या. सडक धुतली, उन्हात वाळू दिली. काकांनी गुडघ्यावर बसून हातानं चाचपली. मग मी चाचपली.

मालकाला म्हणलं, "जावा."

"नक्की?"

"जावा म्हणलं ना. पट्टा दावा आधी." पट्टा वढून बघितला. मनगटाची दोरी वढून बघितली.

मग हिरवा दिवा. मला काय दिसलं इचारताल तर काईच सांगता येणार न्हाई. आवाज झाला, छातीत घुमला, आन मालक बारीक ठिपका झाले. मी रेस बघितलीच न्हाई, मी रेस संपल्यावरची सडक बघत होते. ठिपका हळू झाला. हळू झाला. वळला. पोत्यापसून लय अलीकडं वळला. तवा मी श्वास सोडला.

हरले. चाकभर अंतरानं, सेलूचा गडी जितला. मालक आले ते दात काढून. म्हणले, "काय पळाली गं गाडी!" मी म्हणलं, "हेल्मेट काढा, तोंड बघू द्या." तोंड घामानं भिजलेलं, कपाळावरचा भंडारा नाकापस्तोर वघळलेला. सोन्यावाणी दिसायले होते.

तिसऱ्या दिशी नणंदंच्या शेतात हुरडा खाल्ला, संग तिळाची चटणी आन दही, आन माघारी निघालो. येताना समदे टेम्पोतच बसलो, म्हणून रस्त्यात कुठं थांबायचं ते आपल्या हातात. गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर आत्याबाईनं उरलेला भंडारा पाण्यात सोडला, जवळपास दोन किलोच होता.

घरी येऊन आता पंधरवडा झाला. काय ऱ्हायलं, असं मनाला इचारते. भ्या गेलं न्हाई, ते हायच. मालक साधं रेशनला गेले तरी माझे कान रस्त्याला असतेत. पण येलदरीचं पाणी याद येतं, बायांसंग खराटा मारला ते याद येतं आन हसू येतं. भावाला फोन करून समदं सांगितलं. त्यानं समदं ऐकून घेतलं. मग म्हणला, "आक्का, आमाला कुणी रस्ता झाडून दिला न्हाई गं."

कालच गॅरेजात एक गिऱ्हाईक आलं. मालकाला म्हणायला, बीडकडं ड्रॅग रेस हाय, चलता का, नाव घालतो. मी आत आरूला न्हाऊ घालायले होते. मालक म्हणले, "घरी इचारावं लागंल."

गिऱ्हाईक हसलं. "बायकोला इचारून रेस खेळताव व्हय?"

मी तशीच वल्या हातानं दारात आले. म्हणलं, "जागा आधी मला दावा. मग हो का न्हाई ते सांगते."

मालक त्याला म्हणले, "ऐकलास? आधी हिचं तिकीट काड."